चिंचोक्याचा रंग

आमच्या घरात गाडीखरेदीची वाटणी अशी झाली : कुठली गाडी, कुठलं मॉडेल, कर्ज किती वर्षांचं हे नवऱ्याने ठरवायचं आणि रंग मी. "रंग तू बघ," असं तो इतक्या उदारपणे म्हणाला की देवळाच्या जीर्णोद्धाराची मीटिंग उठता उठता "आणि रांगोळीचं वहिनी बघतील" म्हणतात ना, तोच सूर मला ऐकू आला. मी वाद घातला नाही. माझं आजोळ म्हणजे सांगलीतलं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, हे तो लग्नाच्या सतरा वर्षांत विसरला असेल तर आठवण करून द्यायची घाई नव्हती.

मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या मी थिनरच्या वासात काढल्या आहेत. पुढे गॅरेज, मागे घर. जेवायला बसलं तरी कॉम्प्रेसर धडधडत असायचा आणि भाकरीलासुद्धा हलका ड्यूकोचा वास यायचा. "वास न्हाई आला तर समजायचं आज धंदा न्हाई," असं मामी म्हणायची. 'ड्यूको' हा शब्द मला कॉलेजात जाईपर्यंत मराठीच वाटत होता, बिजागरी किंवा कानस यांच्यातलाच एक. मग कधीतरी कळलं की हे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या लॅकरचं नाव. 1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो आला, तोही निळ्या रंगात. त्याआधी गाडीला ब्रशने व्हार्निशचे थर द्यायचे आणि ते वाळायची वाट बघत बसायचं, यात आठवडे जात. हा फवारला की तासांत वाळायचा. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 नुसती काळी मिळायची, नंतर तिलाही रंग आले. सांगलीत मात्र शंभर वर्षांनीसुद्धा गाडीवर जे काही फवारतात ते ड्यूकोच. डब्यावर कंपनी कुठली का असेना.

तर नवरा आणि त्याची हायब्रीड. तीन महिने त्याचं वाचन चाललं होतं आणि ते मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. टोयोटाची प्रियस ही हायब्रीड 1997च्या डिसेंबरात जपानमध्ये विकायला आली. आपल्याकडे खऱ्या अर्थाने दार उघडलं ते 2022 मध्ये : आधी होंडा सिटी, मग ग्रँड विटारा आणि हायरायडर. लिटरला अठ्ठावीसच्या जवळपास, अर्थात कागदावर. घरी येईल त्याला तो समजावून सांगायचा, की या गाडीला प्लग नसतो, ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते, गर्दीत गाडी बॅटरीवर चालते आणि जोर लागला की पेट्रोलचं इंजिन जागं होतं. एवढं सगळं ऐकून खालच्या मजल्यावरचे काका विचारायचे, "मग चार्जिंगचा पॉइंट कुठं घेणार?" पाटीही हिरवी मिळत नाही. हिरवी पाटी निव्वळ विजेवरच्या गाडीला, हायब्रीडला आपली पांढरीच. कुडाळहून सासूबाईंनी फोनवर निकाल दिला, की म्हणजे हे अर्धनारीनटेश्वराचं वाहन आहे. आणि लगेच, "काळी मात्र नको गो बाय."

शोरूममध्ये एका चटपटीत मुलाने माझ्यापुढे लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं. सात चौकोन. त्यातले पाच पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या एकाच रस्त्यावरचे. नुसतं पांढरा म्हणायची पद्धत नाही, आधी एखादा ध्रुवप्रदेश किंवा एखादा कॅफे लावायचा. काळ्याला मध्यरात्र. करड्याला काहीतरी भारदस्त. उरलेल्या दोनांत एक लाल आणि एक कसलासा तपकिरी, शिळ्या कॉफीसारखा.

मी ज्या भाषेत वाढले तिच्यात नुसत्या साडीच्या दुकानात गादीवर बसलं तरी पंधरा मिनिटांत आमसुली, अबोली, अंजिरी, गुलबक्षी, मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी, विटकरी, श्रीखंडी आणि शेवाळी एवढे रंग अंगावर टाकून दाखवतात. "यातच जरा कोनफळाकडे जाणारा दाखवा," म्हटलं तर दुकानदाराला नेमकं कळतं. तेच आपण पंधरा-वीस लाखांची वस्तू घ्यायला जातो आणि करड्याच्या दोन छटांत कुठली बरी यावर घरी चर्चा करतो. मला नवरात्र आठवतं. नऊ रंगांत करडा आला की आमच्या बँकेत सगळ्या बायकांची पंचाईत होते, कारण करडी साडी कुणाकडेच नसते. खाली पार्किंगमध्ये बघावं तर चाळीस गाड्यांपैकी पंधरा करड्या.

पांढऱ्याच्या बाजूने मात्र सगळं जग उभं होतं. विकताना भाव येतो म्हणून. धूळ दिसत नाही म्हणून (दिसते). रात्री उठून दिसते म्हणून. नवऱ्याने तर अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेचा 2011 चा अभ्यासच काढला : दोन सारख्या होंडा सिव्हिक, एक काळी, एक चंदेरी, दोन्ही भर उन्हात उभ्या केल्या. टपाच्या तापमानात पंचवीस अंशांपर्यंत फरक, आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा. "आणि हायब्रीडमध्ये एसी बॅटरीवर चालतो," तो म्हणाला. "सिग्नलला इंजिन बंद असतं. गाडी तापलेली असली की एसी जास्त ओढणार, बॅटरी उतरणार, इंजिन लवकर चालू होणार. म्हणजे रंगाचा मायलेजशी संबंध आहे." संबंध आहे हे मला मान्य होतं. फक्त रंग मी बघायचा होता ना?

मुलीला मिलिटरी हिरवा हवा होता. तो सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, आपल्याला लावता येत नाही, हे कळल्यावर तिने या विषयातून अंग काढून घेतलं.

शेवटी एका शनिवारी मी सांगलीला गेले.

मामा आता शहात्तरचा आहे. गॅरेज मामेभाऊ बघतो. त्याच्याकडे शेड मिसळायला कॉम्प्युटर आहे. दारावरच्या स्टिकरचा कोड टाकला की कुठला रंग किती ग्रॅम ते पडद्यावर येतं, काट्यावर डबा ठेवायचा आणि ओतत जायचं. मामा बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि आत काय चाललंय ते वासावरून ओळखतो. मी विषय काढला तसा तो हसला.

"पांढरी घे म्हणून सांगितलं आसंल सगळ्यांनी."

"हो."

"मग घे की. कुणी आडवलंय?"

थोडं थांबून तो सुरू झाला. साधा पांढरा म्हणजे गरिबाचा देव, कुठंही लावा, मिसळून जातो. मोतिया पांढरा म्हणजे मात्र नसती पीडा : खाली पांढरा, वर मोत्याचा पातळ थर, त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. एका दाराला ठोकर बसली तर शेजारच्या दारावरही तो अलगद विरवत न्यावा लागतो, नाहीतर जोड दिसतो. लाल उन्हाला टिकत नाही, टप आणि बॉनेट आधी जातं. आता पूर्वीसारखं पाच वर्षांत गुलाबी होत नाही, पण जातं. आणि चंदेरी? मामाने कपाळाला हात लावला. त्या रंगात ॲल्युमिनियमचा बारीक भुगा असतो. गन जरा लांब धरली, हवा जरा जास्त सोडली, रंग जरा सुका बसला, की तो भुगा वेगळ्या अंगाने झोपतो. समोरून बघितलं तर रंग जुळलेला असतो, बाजूने बघितलं तर दार दुसऱ्याच गाडीचं वाटतं. "त्या चंदेरीनं मला जेवढं रडवलंय तेवढं कुणी न्हाई," मामा म्हणाला. आतून मामी म्हणाली, "खरं हाय."

मग तो आपण होऊन डोळ्यांवर आला. दोन वर्षांपूर्वी मिरजेला त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आला तो गॅरेजात गेला आणि पांढऱ्या गाडीसमोर उभा राहिला. पांढऱ्यात निळं दिसत होतं. इतकी वर्षं जे त्याला पांढरं वाटत होतं त्यात पिवळेपण होतं आणि ते गाडीचं नव्हतं, त्याच्या डोळ्यातल्या भिंगाचं होतं. वयाबरोबर ते भिंग हळूहळू पिवळं होत जातं, आपल्याला पत्ता लागत नाही. हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं.

"म्हंजे शेवटची दहा-पंधरा वर्षं मी लोकांच्या गाड्या पिवळ्याच करत हुतो का काय गं?"

मी त्याला म्हटलं, अरे, जुना रंगही त्याच डोळ्यांनी बघितलास आणि नवाही त्याच डोळ्यांनी. दोन्हींत सारखंच पिवळं, म्हणजे जुळलंच की. त्याने मान हलवली. पटल्यासारखी नव्हती ती. मला वाटतं, गावात एखादी जुनी पांढरी गाडी दिसली की तो अजूनही तिच्या दाराकडे बघत असणार.

निघताना त्याने सल्ला दिला तो कुठल्या रंगाचा नव्हताच. "कार्डावर रंग बघायचा न्हाई. त्यांच्या दिव्याखाली तर मुळीच न्हाई. गाडी उन्हात आणायला लाव. सकाळी बघ, सांजच्याला बघ. पाणी मारून बघ. आन् सावलीत उभी करून लांबनं बघ." मामेभावाने त्याचं ते छोटं यंत्र आणून माझ्या जुन्या गाडीच्या दाराला लावून दाखवलं. पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी : शंभराच्या थोडं वर मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्यात गंज धरू नये म्हणून बुडवून दिलेला थर, प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट, सगळं आलं. यातला नुसता रंग किती, विचारलं. "पंधरा-वीस." घरी तीन आठवडे जे रामायण चाललं होतं ते एवढ्यावर.

पुण्यात परतल्यावर मी शोरूमच्या मुलाला सांगितलं, मला गाड्या उन्हात बघायच्या आहेत. तो मला मागच्या यार्डात घेऊन गेला. दुपारचे साडेचार वाजले असतील. पांढऱ्या, करड्या, पांढऱ्या, पांढऱ्या, काळी. आणि कोपऱ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी नावाची, डिलिव्हरीला उभी असलेली ती तपकिरी. अर्धी शेडच्या सावलीत, अर्धी उन्हात. सावलीतला भाग जवळजवळ काळा होता. उन्हातल्या भागाला मात्र आतून दिवा लावल्यासारखा तांबूसपणा आला होता. मी पर्समधली बाटली काढून बॉनेटच्या कडेला ओंजळभर पाणी टाकलं. तो मुलगा इकडेतिकडे कुणी बघत नाही ना याची खात्री करत होता. पाणी ओघळलं आणि मला तो रंग ओळखू आला. चिंचोका!

चिंच खाऊन झाल्यावर तोंडात उरतो तो, ओला, गुळगुळीत, चकचकीत. लहानपणी आम्ही चिंचोके फरशीवर घासून एका बाजूने पांढरे करायचो, सारीपाटाच्या दानासाठी. आणि घासून घासून तापला की शेजारच्याच्या दंडाला चटका. सांगलीच्या त्या गॅरेजच्या ओट्यावर मी किती चिंचोके घासले असतील त्याची गणती नाही. कंपनीने त्या रंगाला कुठल्याशा परदेशी फळाचं नाव दिलं होतं. मुलाला मी म्हटलं, "हा चिंचोक्याचा रंग आहे." तो म्हणाला, "हो मॅडम, प्रीमियम शेड आहे."

खरं सांगायचं तर रंग त्या क्षणी ठरला आणि कारणं मी नंतर गोळा केली. नवऱ्यापुढे मांडायला एक भक्कम कारण तर हवं होतं. ते मला त्याच्याच गावात सापडलं. दर मे महिन्यात आम्ही कुडाळला जातो. तिथली माती जांभ्याची. आमची आधीची गाडी पांढरी होती आणि अकरा मे महिने ती शेंदूर फासलेल्या म्हसोबासारखी होऊन परत आली. तीनदा धुतलं तरी दाराच्या रबरांत, मडगार्डच्या आत, नंबरप्लेटच्या स्क्रूभोवती ते लाल पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचं. "तुझ्या गावच्या मातीला मिळताजुळता रंग घेतेय," मी म्हटलं. "त्यात तुझ्या आईला काळी नको, ही काळी नाही." सिव्हिकचा अभ्यास त्याने पुन्हा एकदा हळूच पुढे केला. मी त्याला पर्जन्यवृक्षाखालचं आमचं पार्किंग दाखवलं. तिथे ऊन पोचतच नाही, पोचतात ते कावळे. कावळ्यांचं काम कुठल्याही रंगावर दिसतं आणि वेळेवर पुसलं नाही तर क्लिअर कोट खातं.

शोरूमवाल्याने शेवटचा प्रयत्न केला : या रंगाला पुढे गिऱ्हाईक कमी मिळेल, आणि पांढरी तीन आठवड्यांत देतो, हिला अडीच महिने थांबावं लागेल. थांबलो.

डिलिव्हरीच्या दिवशी मामा पहाटेची एसटी धरून पुण्याला आला. न सांगता. पेढे, हार, फित, फोटो हे सगळं चालू असताना तो गाडीभोवती फिरत होता. हाताची पालथी बाजू दारावरून फिरवत होता, कारण तळहाताला म्हणे घट्टे पडलेले, त्याला काही कळत नाही. मग वाकून, एक डोळा मिटून, दारात पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं. रेघ सरळ आहे की संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. "कंपनीचं काम बी आता सालीसारखंच येतंय," तो माझ्या कानात म्हणाला. "पण चालतंय." पुढे बंपरपाशी थांबला. बंपर आणि मडगार्ड यांच्या रंगात केसभर फरक आहे, हे त्याने दाखवल्यावर मला दिसलं आणि तेव्हापासून रोज दिसतं. "ते प्लास्टिक, हा पत्रा. ते तसंच असणार. भांडू नको त्या पोराशी."

मग त्याने पिशवीतून वही काढली. लाल कापडी बांधणीची, वाण्याची असते तशी लांबट. मला ती लहानपणापासून माहीत होती, पण हात लावायला बंदी होती. पानापानांवर पोस्टाच्या तिकिटांपेक्षा जरा मोठे रंगाचे चौकोन, प्रत्येकाखाली पेन्सिलीने माप. पिवळा दोन चमचे. काळा टोकभर. कोड वगैरे नंतरच्या पानांवर, आधीच्या पानांवर नुसती नावं, मामाने स्वतः ठेवलेली : डॉक्टरांचा निळा. कारखान्याच्या जीपचा करडा. लग्नाच्या गाडीचा क्रीम. चार चौकोनांवर नुसतंच 'चंदेरी' आणि प्रत्येकासमोर फुली. शेवटच्या भरलेल्या पानानंतर त्याने दारावरच्या स्टिकरचा कोड लिहून घेतला, पट्टीने एक चौकोन आखला आणि वही मिटली.

"रिकामाच?"

"ठोकर बसंल तवा भरू."

आरसीवर रंग तपकिरी लिहून आला, इंग्रजीत. घरात मात्र गाडीचं नाव चिंचोका पडलं आहे. मुलगी वर्गात तेच सांगते.

मे महिन्यात आम्ही कुडाळला निघालो. फोंडा घाट उतरताना नवरा फार खुशीत होता, कारण उतारावर ब्रेक दाबून दाबून बॅटरी भरत चालली होती आणि तो आम्हाला पडद्यावरच्या एकेका काडीचा हिशेब देत होता. घराच्या पाणंदीत वळलो तेव्हा इंजिन बंद होतं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट. "ऐक," तो म्हणाला. "काहीतरी ऐकू येतंय का? काहीही नाही. इंजिनच चालू नाहीये."

आणि मग त्या शांततेत, डाव्या बाजूने, मागच्या दारापासून पेट्रोलच्या झाकणाच्या दिशेने, कर्रर्र असा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला.

जुन्या गाडीत तो इंजिनाच्या आवाजात बुडाला असता. सासूबाई पडवीतून उतरून आल्या, ओरखडा बघितला आणि काळी घेतली नाही हे बरं केलं म्हणाल्या. त्यांचं तर्कशास्त्र मी विचारलं नाही. ओरखडा वीतभर लांब. त्यात गडग्याची लाल माती भरलेली, त्यामुळे दोन पावलं मागे गेलं की दिसतही नव्हता. मी पदर ओला करून पुसला तेव्हा उघडा पडला. एका बाजूने घासलेल्या चिंचोक्यासारखा.

मामाला फोन लावला.

"नख फिरव त्याच्यावर," तो म्हणाला. "आडकतंय?"

"अडकतंय."

"आत काय दिसतंय? पत्रा चमकतोय का करडं दिसतंय?"

"करडं."

"म्हंजे प्रायमर. मग न्हाई भ्यायचं. कुठलं पॉलिश-बिलिश लावू नका. जाताना इकडनं जावा. सकाळी पोचशील असं निघ, उजेड चांगला असतोय."

फोन त्याने तसाच ठेवून दिला होता, बंद न करता. मामी कोणाचा म्हणून विचारत होती आणि तो तिला सांगत होता, "पोरीनं गाडी घासली," पेढे वाटताना सांगावं तसं. आणि मग, जरा लांबून, "ती वही कुठं ठेवलीस गं?"